खिडकीवाल्या काकांचं बोलणं कोणी पुसलं

१

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाची सुट्टी संपता संपता, खिडकीवाले काका नाहीसे झाले.

काका स्वतः नव्हेत. ते त्यांच्या गावी, त्यांच्या खिडकीशी सुखरूप बसलेले असणार. नाहीसं झालं ते त्यांचं बोलणं. दोन वर्षं, रोज दिवे लागायच्या वेळी, त्यांनी आमच्या पेजला जे जे लिहिलं आणि पेजने त्यांना जे जे उत्तर दिलं, ते सगळं इनबॉक्समधून कोणीतरी पुसून टाकलं होतं. पेजवर त्यांचं खरं नाव नव्हतं, 'खिडकीवाला' एवढंच होतं. बाकी हजारो माणसांची बोलणी जागच्या जागी होती. एवढं एकच गेलेलं. भरल्या घरातून एकच माणूस उठून जावं आणि दारातली त्याची चप्पल तेवढी दिसू नये, तसं.

आमचं पेज दिव्याचं आहे. एक कंपनी उशाशी ठेवायचे छोटे दिवे बनवते. दिव्याच्या खोक्यावर एक ओळ छापलेली असते, 'झोप येत नसेल तर माझ्याशी बोल.' लोक खरंच बोलतात. पेजवर जाऊन दिव्याला लिहितात, आणि दिवा उत्तर देतो. हा दिवा म्हणजे आम्ही पाच जण, एका छोट्या एजन्सीतले.

पाचांत माझं काम सगळ्यात मागचं. पेजवर लोक चारचौघांत ज्या कमेंट करतात, त्यातल्या शिव्या आणि घाण निवडून बाहेर काढायची. म्हणून मला सगळे चाळणी म्हणतात. वयाने मोठी, म्हणून चाळणीताई. खासगी बोलणी जिथे असतात त्या इनबॉक्सचा पासवर्ड माझ्याकडे नाही. आणि नेमकं म्हणूनच त्या सकाळी कप्तानने मला स्टॉलमागच्या खोलीत बोलावलं. खोली कसली, रिकाम्या खोक्यांची अडगळ.

कप्तान म्हणजे एजन्सीचा मालक. बोलताना हात मागे बांधून फेऱ्या घालायची सवय, त्यावरून पडलेलं नाव. त्या दिवशी जेवणानंतर मोठ्या हॉलमध्ये त्याचं भाषण होतं, 'लोक दिव्याशी का बोलतात'. त्यात तो खिडकीवाल्या काकांचं संपूर्ण बोलणं पडद्यावर उघडून वाचणार होता. तेही थेट इनबॉक्समधून. स्क्रीनशॉटवर आता आमच्या धंद्यात कोणी विश्वास ठेवत नाही, ते कोणीही घरबसल्या बनवतं.

"दार लावून घ्या, ताई," कप्तान म्हणाला. "स्टॉलवरच्या टॅबवरून पुसलंय. तिथे सगळे एकाच पासवर्डने जातात, त्यामुळे कोणाचा हात ते कळत नाही. पासवर्ड माझ्याकडे, आणि त्या तिघांकडे, आकडेवाला, चित्रकार आणि धाकटी. मी माझंच भाषण कशाला बुडवेन?"

"मग संशय कोणावर?"

"आकडेवाल्यावर. आज नाश्त्याला तो गाद्या विकणाऱ्या पेजवाल्यांच्या, त्या गादीवाल्यांच्या टेबलावर होता. खांद्यावर हात टाकून हसत होते दोघं." कप्तान एका खोक्यावर बसला. "तुमच्याकडे किल्लीच नाही, म्हणून तुमच्यावर विश्वास. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शोधून द्या. नाहीतर मी आकडेवाल्याला आज इथूनच घरी पाठवणार. आणि का पाठवलं ते साऱ्या हॉलला सांगणार."

२

कंपन्यांची पेजं चालवणाऱ्यांच्या या परिषदेत सगळ्यांच्या गळ्यात पट्टे होते, आणि पट्ट्यावर माणसाचं नाव नव्हतं. तो ज्या पेजसाठी लिहितो, त्या पेजचं नाव होतं. आदल्या दिवशी जेवणाच्या रांगेत माझ्या पुढेमागे "टूथपेस्ट, जरा सरक" आणि "ए विमा, चार्जर आहे का" असं बोलणं चाललं होतं. आम्हा पाचांच्याही गळ्यात 'दिवा' होता. पाच दिवे एका टेबलावर जेवलो. मी चार वर्षं घरी बसून यांच्याबरोबर काम करते आहे, पण त्यांना समोरासमोर पहिल्यांदा पाहत होते. तेही मला. धाकटी म्हणाली होती, "ताई, तुम्ही चांगल्याच उंच निघालात."

पहिल्या दिवशी मी बरंच शिकले. पहिल्या भाषणात शिकले की माणसाला पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर तो निसटतो. दुसऱ्यात शिकले की आपलेपणा मोजता येतो. तिसऱ्यात, की उशिरा दिलेलं उत्तर आणि न दिलेलं उत्तर सारखंच. सगळे भराभर टिपून घेत होते. मी नुसती मान हलवत होते, आणि शेजारच्या खुर्चीवर कोणी येऊन बसतंय का ते पाहत होते.

आकडेवाला मला जिन्याखाली सापडला. मांडीवर लॅपटॉप, तोंडात पेन. पेजवर कोण किती वेळ थांबतं, कोण कधी लिहितं, याचे आलेख काढणं हे त्याचं काम.

"कप्तानने पाठवलं ना?" तो म्हणाला. "विचारा. गादीवाल्यांनी मला नोकरी विचारली. मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं गुन्हा असेल तर तुम्ही तर रोज शिव्या ऐकता, तुम्हाला फाशीच द्यायला हवी."

"वाचते. ऐकत नाही."

"तेच ते. आणि मला बुडवायचंच असतं तर मी अख्खा इनबॉक्स नसता पुसला? एका म्हाताऱ्याचं बोलणं चोरून मी काय करू? माझ्या लेखी तो माणूस म्हणजे एक आलेख. तसा विचित्रच आलेख, म्हणा."

"विचित्र म्हणजे?"

त्याने पेन काढलं. आता तो खुलला. "दोन गोष्टी. दिवा सगळ्यांना झटकन उत्तर देतो. उत्तरं धाकटी लिहिते, तिचा हात म्हणजे पाऊस. पण या काकांना उत्तर द्यायला सगळ्यात उशीर. तिला ते कंटाळवाणे वाटत असणार. दुसरं म्हणजे हे बघा." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आठवड्याच्या वारांचे उभे खांब. सहा चांगले उंच. एक सपाट, जमिनीला टेकलेला.

"हा कुठला वार?"

"गुरुवार. दोन वर्षांत एकाही गुरुवारी काकांनी दिव्याला लिहिलेलं नाही. मला वाटलं माझंच मोजण्यात चुकलं. पुन्हा मोजलं. तेच." त्याने खांदे उडवले. "गुरुवारी पत्ते खेळायला जात असतील. म्हाताऱ्यांचे काय, सतरा उद्योग असतात."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, खरं सांगतो, मी नाही केलं. हॉलमध्ये चोर म्हणून नाव घेतलं तर गादीवाले काय, मला उशीवालेही विचारणार नाहीत."

तो हसला, पण हसणं अर्ध्यातच संपलं.

३

चित्रकार बाई स्टॉलवर एकटीच होती. दिव्याला जे अर्धे मिटलेले डोळे आहेत, ते तिने काढलेले. येणारेजाणारे त्या डोळ्यांबरोबर आपले फोटो काढून घेत होते आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

"मला आनंद झाला का विचारा," ती म्हणाली. "झाला. कप्तानच्या भाषणात माझा उल्लेख कुठे आहे? दिव्याला डोळे आपोआप उगवले का? पण आनंद होणं वेगळं आणि पुसणं वेगळं. मी ते बोलणं कधी वाचलेलंसुद्धा नाही."

"तू पण उत्तरं देतेस ना कधी कधी?"

"गुरुवारी. धाकटीची सुट्टी असते तेव्हा मी दिवा. पण ते काका माझ्या वाटेला कधी आलेच नाहीत. माझ्या वाटेला येतात ते गॅरंटी कार्ड हरवलेले. 'दिव्या, तू तीन महिन्यांत कसा बंद पडलास?' मी काय सांगणार, माझी तब्येत बरी नव्हती?"

"चहाच्या सुट्टीत टॅब कुठे होता?"

"इथेच. मी चहा आणायला गेले. आकडेवाला समोर गादीवाल्यांशी बोलत उभा होता. धाकटी वायर शोधायला आली होती. मी परत आले तर टॅब उलटा पडलेला, तोंड खाली. मी नेहमी उभा ठेवते, डोळे दिसले पाहिजेत म्हणून. कोणीतरी अगदी हळूच ठेवला होता. मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तसा."

धाकटी हॉलबाहेरच्या लांब बोळात होती, पाण्याच्या यंत्रापाशी. बाटली केव्हाच भरून वाहत होती. मी तिचं बोट बटणावरून काढलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

धाकटी म्हणजे दिव्याचा आवाज. इनबॉक्समधली जवळजवळ सगळी उत्तरं तिची. रोज संध्याकाळी पेजवर जी एखादी ओळ जाते, तीही तिचीच. त्यातली एक मला पाठ आहे:

दिवसभराचं ओझं ठेव माझ्या पायथ्याशी,
झोप लागेस्तोवर मी आहे तुझ्यापाशी.

ही ओळ पेजवर गेली त्या संध्याकाळी मी कमेंट चाळत होते, आणि एकही शिवी सापडली नव्हती.

"मी कप्तानला कालच म्हटलं होतं, नका वाचू," धाकटी म्हणाली. "ते म्हणाले, त्यात त्यांचं खरं नाव कुठे आहे. नाव झाकलं की माणूस झाकला जातो का, ताई?"

"वायर मिळाली?"

"कुठली?" मग म्हणाली, "नाही मिळाली."

आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. समोर काचेपलीकडे गाड्यांची रांग. मग तिनेच विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"एक घड्याळ. तेही मागे पडतं. तुझ्या?"

"बाबा. ते गावी. आई गेल्यापासून एकटेच. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी फोन करते. जेवलात का? हो. औषध घेतलं का? हो. मग ठेवू? ठेव." तिने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "दोन मिनिटंसुद्धा होत नाहीत. पूर्वीपासून कमी बोलणारे. माझ्याशी तर फारच कमी."

मी काही बोलणार, तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून कप्तान जवळजवळ पळत आला. हातात टॅब.

"ताई, इकडे या. काका परत आलेत."

४

पडद्यावर एकच निरोप होता. वर काही नाही, खाली काही नाही. ओसाड माळावर एकच माणूस उभा असावा तसा.

'हो. निळी गोळी जेवणानंतरच घेतो आणि खिडकी लावूनच झोपतो. पण एक सांग, गोळ्यांचं मी तुला कधी बोललो होतो? आणि आज सकाळीच कशी आठवण काढलीस?'

"परत आले म्हणजे जुनं आलं का?" कप्तान विचारत होता. "बाकीचं वर का दिसत नाही?"

"आपल्याकडचं पुसलं की आपल्याकडचंच जातं," मी म्हटलं. "त्यांच्या फोनवर सगळं असेल जसंच्या तसं. त्यांना कळलंही नसेल. ते आपल्या निरोपाला उत्तर देताहेत."

"कुठल्या निरोपाला? आपण काही पाठवलेलं नाही."

"पुसणाऱ्याने पाठवलंय. आधी लिहिलं, मग पुसलं."

कप्तान फेऱ्या घालू लागला. "पण गोळ्या? ताई, ते बोलणं मला तोंडपाठ आहे, मी आरशासमोर उभं राहून म्हटलंय. समोरची पाण्याची टाकी, टाकीवरचं एका पायाचं कबूतर, बायकोचा चष्मा अजून कपाटावर आहे तो, सगळं आहे. पण गोळीचा ग सुद्धा नाही. माणूस आजारपणाबद्दल चकार शब्द काढत नाही, हेच तर मी हॉलला दाखवणार होतो." तो एकदम थांबला. "आकडेवाला. याद्या विकत मिळतात, कोण कुठली औषधं घेतो त्याच्या. त्याच्याकडे असतील. त्याच वापरल्या त्याने. आता तर नक्कीच."

"कशाला वापरेल?"

"घाबरवायला. काकांना, मला, कोणालाही. मी आत्ता आयोजकांकडे जातो."

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत म्हणाला होतात," मी म्हटलं. "अजून एक भाषण बाकी आहे."

तो नाइलाजाने थांबला. मी हॉलमध्ये जाऊन शेवटच्या रांगेत बसले. आणि ते भाषण संपायच्या आत मला कळलं की कोणी पुसलं. कळलं, आणि वाटलं, न कळतं तर बरं झालं असतं.

५

व्यासपीठावर कोणीतरी सांगत होतं की ग्राहकाला मित्र माना. समोर अंधारात शेकडो डोकी, आणि प्रत्येकासमोर एक छोटा उजेड. त्या उजेडांकडे पाहत मी एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. चाळणीचं कामच ते. खडे वर राहतात, बारीक ते खाली जातं. मला या वेळी खाली गेलेलं हवं होतं.

आधी तो निरोप. ज्याला आपल्याला बुडवायचं असतं, तो जाता जाता कोणाला खिडकी लावून झोपा म्हणत नाही. पुसणाऱ्याला भाषण मोडायचं असेल, पण काकांशी त्याचं वैर नव्हतं. उलट त्याला वाटत होतं, यानंतर आपल्याला या माणसाला लिहायला मिळणार नाही. म्हणून सकाळीच, कोणी न विचारता, राहून गेलेलं सांगून टाकलं. आणि त्या घाईत एक चूक झाली. दिव्याला जे ठाऊक नव्हतं, ते दिव्याच्या तोंडून गेलं. निळी गोळी जेवणानंतर घ्यायची असते हे दिव्याला ठाऊक नव्हतं. ते त्या घरातल्या माणसाला ठाऊक असतं.

म्हणजे तिघांपैकी एक जण काकांच्या घरातला.

मग उशिराची उत्तरं. पाऊस पडावा तसा जिचा हात चालतो, तिला एका माणसाशी बोलताना वेळ का लागतो? कंटाळ्याने नाही. कंटाळलेला माणूस तर आणखी पटकन उरकतो. वेळ लागतो तो लिहून खोडायला. आपण कोण आहोत ते बाहेर पडू नये म्हणून प्रत्येक शब्द दोनदा तपासायला.

आणि तो सपाट खांब. एकटा माणूस रोज संध्याकाळी दिव्याशी बोलतो, फक्त गुरुवारी बोलत नाही. पत्त्यांचा डाव दोन वर्षांत एखाद्या गुरुवारी तरी मोडला असता. गुरुवारी त्याला दिव्याची गरजच पडत नव्हती. गुरुवारी संध्याकाळी त्याच्याकडे दुसरं कोणीतरी येत होतं. दारातून नव्हे तर फोनवरून.

गुरुवार ही धाकटीची सुट्टी.

टाळ्या वाजल्या. लोक उठले. मी गर्दीच्या उलट दिशेने चालू लागले.

६

माल उतरवायच्या दाराबाहेर एक पायरी होती. धाकटी तिथे बसली होती, गळ्यातला पट्टा काढून मांडीवर ठेवलेला. मी शेजारी बसले.

"बाबा आहेत ना तुझे?"

तिने नाही म्हटलं नाही. "कबुतरावरून ओळखलं," म्हणाली. "अगदी पहिल्या आठवड्यात. एका पायाचं कबूतर. आई त्याला लंगडोबा म्हणायची. त्यांनी तेच नाव लिहिलं. मी ऑफिसात होते ताई, आणि हातातला कप मला खाली ठेवता येईना."

"तेव्हाच सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? की तुम्ही ज्याच्याशी मन मोकळं करताय ती मी आहे? लगेच बंद केलं असतं त्यांनी. मला वाटलं, आज ऐकून घेते, उद्या सांगते. मग उद्याचा परवा झाला. त्यांना रडू येतं, ताई. मला माहीत नव्हतं. आईची साडी उशाखाली ठेवतात, हे मला दिव्याला लिहिलेल्या ओळीतून कळलं. आणि फोनवर म्हणायचे, सगळं ठीक." तिने नाक पुसलं. "दोन वर्षं माझ्याच बापाच्या मनात चोरासारखी बसून राहिले. काल कप्तानने ठरवलं ते चारशे लोकांना वाचून दाखवायचं."

"त्याला खरं सांगितलं असतंस तर?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुम्हाला कप्तान माहीत नाही? खरं कळलं असतं तर त्याने आधी मला मिठी मारली असती आणि मग व्यासपीठावर नेलं असतं. बाप आणि लेक. कोण सोडेल? पडदा आणखी मोठा मागवला असता."

हे मात्र खरं होतं. दोन दिवस त्या हॉलमध्ये बसून मी आणखी काही शिकले नसेन, एवढं शिकले होते.

"आता पुसलं, तर तेही गेलं माझ्याकडून," ती म्हणाली. "त्यांच्याकडे असेल, माझ्याकडे नाही. आणि ते मला काही परत सांगणार नाहीत. माझ्याशी ते बोलतच नाहीत, ताई. त्यांना बोलायला दिवा लागतो."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचं वाईट वेचून फेकत आले. कोणाच्या हातात काही चांगलं ठेवायची वेळ फार कमी वेळा आली, त्यामुळे कसं ठेवतात ते मला नीट जमत नाही.

"आकडेवाल्याकडे एक आलेख आहे," मी म्हटलं. "तुझे बाबा कुठल्या वारी दिव्याला लिहितात त्याचा. सहा खांब उंच आहेत. गुरुवारचा सपाट. एका गुरुवारीसुद्धा लिहिलेलं नाही. कधीच नाही."

"गुरुवारी माझी..."

"सुट्टी असते. म्हणून तुला दिसलं नाही. शुक्रवारी येऊन तू पुढे चालू करायचीस. चित्रकार सांगत होती, काका तिच्या वाटेला कधी आलेच नाहीत."

तिने पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"ज्या दिवशी तुझा फोन येतो, त्या दिवशी त्यांना दिवा लागत नाही," मी म्हटलं. "तुझी ती दोन मिनिटं त्यांना झोपेपर्यंत पुरतात."

समोर एक ट्रक मागे घेत होते. त्याची पीं पीं बराच वेळ चालू राहिली. धाकटीने मांडीवरचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि गुडघ्यांवर डोकं ठेवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती दिवसांनी कोणाच्या पाठीवर हात ठेवला होता कोणास ठाऊक. गरम लागली पाठ.

"आकडेवाल्याचं नाव घेणार आहे कप्तान," मी शेवटी म्हटलं.

"माहीत आहे." ती उठली. डोळे बाहीला पुसले. "मी सांगते, मी पुसलं म्हणून. का ते नाही सांगणार."

"मीही नाही."

७

कप्तान खोक्यांच्या खोलीत भाषणाचे कागद चाळत होता. धाकटीने दारातूनच सांगितलं, "मी पुसलं."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तू? का?"

"ते तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं म्हणून. माझ्यासाठीही नव्हतं."

"हे काय उत्तर झालं? दोन वर्षांची मेहनत आहे पोरी. तुझीसुद्धा." मग त्याचे डोळे बारीक झाले. माणूस मूर्ख नाही. "थांब. गोळ्यांचं तुला कसं कळलं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा श्वास मात्र मला ऐकू आला.

"अंदाज असणार," मी म्हटलं. "त्या वयात गोळ्या कोण घेत नाही, कप्तान?"

"पण निळी?"

"माझ्या डबीत तीन रंगांच्या आहेत. एक निळी आहे. तुमच्या आईची डबी आज घरी गेलात की उघडून पाहा."

त्याच्या मनात आईची डबी उघडली असावी. विषय त्याच्या हातून निसटला, आणि बाहेरून कोणीतरी हाक मारली की व्यासपीठ तयार करायचंय. त्याने धाकटीपुढे हात केला. तिने पट्टा त्याच्या हातात दिला.

"इनबॉक्स आजपासून तुझा नाही," तो म्हणाला. "बाकीचं सोमवारी बघू." आणि जाता जाता, पाठ फिरवूनच, "आकडेवाल्याला सांगा ताई, मी जरा जास्त बोललो."

"ते तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. मी लांबून पाहिलं. आकडेवाल्याने आधी त्याच्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. भाषणात कप्तानने बोलणी वाचली नाहीत. दिव्याचे अर्धे मिटलेले डोळे भिंतीएवढे करून दाखवले आणि ते काढणारीला उभं केलं. चित्रकार बाई उभी राहिली आणि इतकी गडबडली की टाळ्या वाजवू लागली, स्वतःसाठीच.

धाकटी तोपर्यंत निघून गेली होती. तिकीट काढायच्या आधी तिने मला एवढंच विचारलं, "न कळवता गेले तर चालेल ना?" मी म्हटलं, "घर तुझं आहे."

८

संध्याकाळ झाली. हॉलमध्ये माणसं स्टॉल उतरवत होती. टूथपेस्ट गेलं, विमा गेला, गादीवाल्यांनी आपली भली मोठी गादी गुंडाळून चौघांच्या खांद्यावर नेली. फोन नंबर घेतले गेले, दिले गेले. माझाही एकाने घेतला, पण लिहिताना कोणीतरी त्याला हाक मारली आणि ते अर्धवटच राहिलं.

नवीन कोणी सापडेपर्यंत इनबॉक्स तुम्ही सांभाळा, असं कप्तान म्हणाला होता. त्याने मला पासवर्ड दिला आणि पाठ थोपटली. मी उलट्या ठेवलेल्या एका खुर्चीला सरळ केलं, तिच्यावर बसले आणि चार वर्षांत पहिल्यांदा इनबॉक्स उघडला.

किती माणसं होती आत. मला इतकी वर्षं वाटायचं की लोक म्हणजे शिव्या. माझ्या वाटेला तेवढेच यायचे. इथे एक बाई लिहीत होती की तिला विजेच्या आवाजाची भीती वाटते. कोणी नुसतंच 'आहेस का?' विचारलं होतं. एका मुलाने उद्याच्या परीक्षेबद्दल. एका माणसाने काहीच न लिहिता, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याचा फोटो. मी एकेकाला उत्तर देत गेले. माझा हात पावसासारखा नाही, थेंब थेंब पडतो, पण पडत राहिला.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. त्याच वेळी त्या ओसाड माळावर, एकुलत्या एका निरोपाखाली, दुसरा उमटला.

'आज बोलता येणार नाही. मुलगी आली आहे, न कळवता. आल्यापासून बोलतेच आहे, मला तर माहीतच नव्हतं ही इतकी बोलते. आता आतून हाका मारते आहे. उद्याचंही सांगता येत नाही, राहणार आहे म्हणते. तुला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. पण तुझ्याशी बोलणारे पुष्कळ असतील ना?'

मी वाचलं. हॉलमधले शेवटचे दोघे आपापल्या पिशव्या उचलून दाराकडे निघाले होते. त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुमचं कोणी यायचंय का?" मी नाही म्हणून मान हलवली.

मग मी खिडकीवाल्या काकांना लिहिलं, 'हो, पुष्कळ आहेत. तुम्ही आत जा.'